कडकनाथची १०० पिल्लं: बाप दाखवला, आई दाखवली नाही

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या दोन बायका भेटल्या. दोघींनीही बचत गटाचं कर्ज उचलून कडकनाथ, म्हणजे काळ्या कातडीची आणि काळ्या मांसाची कोंबडी, पाळायचं ठरवलंय आणि दोघींनीही पिल्लांची आगाऊ रक्कम भरताना फक्त कोंबड्याचा फोटो बघितला होता. मीही गेल्या वर्षी हेच केलं होतं. म्हणून हे सगळं बैजवार लिहून ठेवतेय. ज्या उबवणी केंद्राकडून मी पिल्लं घेतली त्याचं नाव लिहीत नाही. पिल्लं घेताना काय बघायचं हे एकदा कळलं की कुठल्याही केंद्राची पारख करता येते.

आमचं घर पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. घरामागे तीस बाय पंधराचं शेड आहे, भोवती जाळी मारलेलं मोकळं आवार. गावरान कोंबड्या सासूबाईंच्या काळापासून आहेत. कडकनाथ नवीन. संक्रांत झाली आणि मी १०० पिल्लांची ऑर्डर दिली. एक दिवसाचं पिल्लू, ८५ रुपये नग, गाडीभाडं वेगळं. पैसे भरण्याआधी केंद्रवाल्याने व्हिडिओ कॉल करून कोंबडे दाखवले. बारा कोंबडे होते, एकेक बघत राहावा असा. तुरा जांभळट काळा, पाय काळे, चोच काळी, उन्हात पिसांवर हिरवट झाक. मी म्हटलं, "कोंबड्या पण दाखवा की." तर म्हणाला, "ताई, त्या शेडमध्ये बाहेरचं कुणी जात नाही, रोगराईचा प्रश्न असतो." मला ते पटलं. रोगराईची काळजी घेणारा माणूस चांगलाच, असं वाटलं.

चांगलं ते आधी सांगते. पिल्लं वेळेवर आली, पहाटेच्या गाडीने. खोक्याला चारी बाजूंनी भोकं, आत कप्पे, खाली पेंढा. मरेक्सची लस केंद्रातच दिलेली होती. सातव्या दिवशी लासोटाची लस, चौदाव्या दिवशी गंबोरोची, किती अंशावर दिवा ठेवायचा, कोणत्या आठवड्यात किती उतरवायचा, हे सगळं छापून दिलेलं. वर चार पिल्लं जादा. १०४ पैकी ९ दगावली, त्यातली ३ माझ्याच चुकीने, एका रात्री वीज गेली आणि मला जाग आली नाही. पहिल्यांदाच ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची जागा, चालवणाऱ्या बाईच्या हातून ९५ पिल्लं जगली, ह्याचं श्रेय त्या छापील कागदाला आणि पिल्लांच्या तब्येतीला आहे. पॅकिंग, लस, फोनवरचं मार्गदर्शन ह्या बाबतीत केंद्राला पाचपैकी साडेचार देईन.

जातीच्या शुद्धतेचे मात्र पाचपैकी एकही देता येत नाही. ते का, हे समजायला मला बरेच महिने लागले.

दोन महिन्यांची झाल्यावर नर-मादी ओळखू यायला लागली. ४६ कोंबडे, ४९ तलंगा, म्हणजे तरुण माद्या. तेव्हाच दिसत होतं की बऱ्याच नरांचे तुरे लालभडक आहेत आणि पाय उजळ. केंद्राला फोन केला. "मोठे झाले की काळे होतात" असं उत्तर आलं. शेजारी म्हणाले, वयात आलेल्या कडकनाथच्या तुऱ्यावर थोडी लाली येतेच. ते खरंही आहे. पिसं तर सगळ्यांची काळीच होती. मी गप्प बसले.

पाचव्या महिन्यात कराड-चिपळूण रस्त्यावरच्या एका ढाबेवाल्याने ६ कोंबडे नेले, ७०० रुपये नगाने. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याचा फोन. "वहिनी, सहातले दोनच काळे निघाले. बाकीच्यांची कातडी गोरी, मध्ये मध्ये शाई सांडल्यागत डाग. हाडं पांढरी. गिऱ्हाईक ताट सोडून उठलं." मी चार कोंबड्यांचे २,८०० रुपये त्याच संध्याकाळी परत केले. पैशाचं जाऊ दे, पण माझ्या हाताने कुणाला तरी खोटा माल गेला, ते फार लागलं.

त्या रात्री मी आणि लेक, दोघी शेडमध्ये शिरलो. कोंबड्या अंधारात शांत असतात, पकडताना फडफड करत नाहीत. तिने मोबाईलचा उजेड धरला. मी एकेक कोंबडा काखेत घ्यायची, अंगठ्याने चोच उघडायची आणि जीभ बघायची. मग छातीवरच्या पिसांत फुंकर मारायची, की पिसं दोन्हीकडे होतात आणि खालची कातडी दिसते. पहिला कोंबडा: जीभ पाटीसारखी करडी-काळी, टाळूही काळा, छाती पिकल्या जांभळासारखी. दुसरा: जीभ गुलाबी, टोकाला एक काळा ठिपका, छाती गोरी आणि त्यावर निळसर पुंजके. बाहेरून दोघांची पिसं सारखीच काळी. असं करत ४० कोंबडे झाले. १४ पूर्ण काळे, २६ डागाळलेले. ढाब्यावर गेलेले धरले तर ४६ पैकी १६ काळे आणि ३० डागाळलेले.

मग तलंगा तपासल्या. ४९ च्या ४९ काळ्या. जीभ, टाळू, छाती, पंखाखालची कातडी, सगळं काळं. एकही डागाळलेली नाही.

मी जमिनीवरच बसले. भेसळ आहे म्हणावं तर सगळ्या माद्या कशा शुद्ध? आणि शुद्ध आहेत म्हणावं तर त्यांचे भाऊ असे का? लेक बारावी सायन्सला आहे. ती माझ्या वहीतले आकडे बघत होती, म्हणाली, "आई, नर आणि मादीत एवढा फरक योगायोगाने नाही पडत. हे लिंगाच्या गुणसूत्रावरून जातंय."

दुसऱ्या दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी आकडे बघितल्याबरोबर विचारलं, "त्यांनी तुम्हाला कोंबड्या दाखवल्या होत्या का?" मग औषधाच्या रिकाम्या खोक्याच्या पाठीवर आकृती काढून समजावलं. मला समजलं ते माझ्या शब्दांत सांगते.

माणसात मुलगा होणार की मुलगी हे बापाकडून ठरतं. आईकडे एक्स-एक्स, बापाकडे एक्स-वाय. पक्ष्यांत उलटं असतं. कोंबड्याकडे दोन सारखी गुणसूत्रं, झेड-झेड. कोंबडीकडे दोन वेगळी, झेड आणि डब्ल्यू. म्हणजे तलंगेला आईकडून डब्ल्यू मिळतं आणि तिचा एकुलता एक झेड येतो तो बापाकडून. नर पिल्लाला मात्र एक झेड बापाचा आणि एक झेड आईचा.

आता काळेपणाचं. कडकनाथच्या कातडीत, मांसात, हाडांवरच्या पापुद्र्यात जो काळा रंग असतो तो एका जनुकाच्या बदलामुळे. कोंबडीला गुणसूत्रांच्या ३९ जोड्या असतात. त्यातल्या विसाव्या गुणसूत्रावरचा एक तुकडा ह्या जातीत दोनदा आलेला आहे. त्या तुकड्यातलं एक जनुक अंड्यातल्या गर्भात रंगपेशींना वाढायला सांगतं. तुकडा दुप्पट, म्हणून सांगणंही वाढतं, आणि ज्या पेशी एरवी पिसांपर्यंत पोचून थांबल्या असत्या त्या आतल्या अवयवांपर्यंत पसरतात. २०११ साली संशोधकांनी हे शोधून काढलं. चीनची सिल्की, इंडोनेशियाची अयाम सेमानी आणि आपली मध्य प्रदेशातल्या झाबुआकडची कडकनाथ, तिघींत हाच बदल आहे. आणि हा गुण प्रभावी आहे. आई किंवा बाप, एकाकडून जरी मिळाला तरी पिल्लू काळं होऊ शकतं.

होऊ शकतं, कारण मध्ये दुसरं एक जनुक आडवं येतं. ते कातडीच्या आतल्या थरात काळा रंग साठू देत नाही. तेही प्रभावी, आणि ते बसलेलं असतं झेड गुणसूत्रावर. पिवळ्या किंवा गोऱ्या पायांच्या गावरान कोंबडीत हे रोखणारं जनुक असतं. कडकनाथमध्ये नसतं.

आता दोन्ही एकत्र करा. बाप अस्सल कडकनाथ, आई पिवळ्या पायाची गावरान. मुलीला बापाकडून काळेपणाचं जनुक मिळालं, झेडही बापाचाच मिळाला, म्हणजे रोखणारं कुणी नाही. मुलगी काळीकुट्ट. मुलाला काळेपणाचं जनुक मिळालं, पण त्याचा एक झेड आईकडून आला आणि त्याच्यावर रोखणारं जनुक बसलेलं. मुलगा डागाळलेला. भाऊ-बहीण एकाच आई-बापाचे, आणि बहीण कडकनाथ दिसते, भाऊ दिसत नाही.

माझ्या शेडमध्ये हेच झालं होतं. व्हिडिओत दिसलेले बारा कोंबडे खरेच अस्सल होते. त्यांच्या खाली सोडलेल्या बऱ्याच कोंबड्या साध्या होत्या, कारण कडकनाथची मादी वर्षाला शंभराच्या आसपासच अंडी घालते आणि साध्या सुधारित गावरान कोंबडीची अंडी त्याहून कितीतरी जास्त मिळतात. माद्यांचं शेड मला का दाखवलं नाही, ते तेव्हा कळलं.

डॉक्टरांनी एक गोष्ट सांगितली ती माझ्या मनात घर करून बसली. आई-बापाचे गुण पिल्लांत कसे उतरतील हे मांडायच्या ज्या पनेट स्क्वेअरवर लेक रोज गणितं सोडवते, त्या चौकोनाला ज्या पनेट साहेबाचं नाव आहे त्यानेच बेटसन नावाच्या संशोधकाबरोबर ही गोष्ट कोंबड्यांवर तपासली होती. सिल्कीचा काळा कोंबडा आणि तपकिरी लेगहॉर्न कोंबड्या. मुली गडद काळ्या, मुलगे फिके. १९११ साली छापलं. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी केंब्रिजमध्ये जे दिसलं तेच माझ्या शेडमध्ये मोबाईलच्या उजेडात दिसलं, ह्याचं मला अजूनही नवल वाटतं. लेकीला तर इतका आनंद झाला की नुकसान झालंय हे ती विसरूनच गेली.

तिने त्याच खोक्यावर गणित मांडलं. ४६ मुलग्यांपैकी ३० डागाळलेले, म्हणजे तीनातल्या दोघांची आई साधी. मुलग्यांची आई तीच मुलींची आई. मग ४९ तलंगांमध्येही तेवढ्याच प्रमाणात, साधारण ३२ तरी अर्ध्या रक्ताच्या असणार. फक्त त्या दिसत नाहीत. आणि हाही कमीत कमी आकडा, कारण एखाद्या साध्या कोंबडीचे पाय काळपट असतील तर तिच्यात रोखणारं जनुक नसतं आणि तिचे मुलगेही काळेच निघतात.

खरा घाटा मला इथे दिसला. डागाळलेले कोंबडे ओळखू येतात, ते गावरान संकर म्हणून विकले, ३५० रुपयांनी. उरलेल्या २६ कोंबड्यांत ९,१०० रुपये कमी आले, ढाब्याचे धरून ११,९०० गेले. ते एकदाच गेले. पण मला पुढे स्वतःची पिल्लं काढायची होती, आणि ज्यांच्यावर सगळी भिस्त त्या ४९ माद्यांतली कोणती अस्सल आणि कोणती अर्धी, हे डोळ्याने कळायला मार्गच नाही. अर्ध्या रक्ताची तलंग बाजारात नेऊन उभी केली तर भलाभला माणूस तिला कडकनाथच म्हणेल.

हे नुसतं कागदावर नव्हतं. पुढे तलंगा अंड्यावर आल्या तेव्हा मी घरच्या अंड्यांची एक खेप उबवली. कडकनाथ माद्या स्वतः अंड्यांवर खुडूक बसायला फारशा राजी नसतात, म्हणून अंडी गावरान खुडूक कोंबडीखाली ठेवली. एकविसाव्या दिवशी पिल्लं बाहेर आली आणि त्यात चार पिल्लं अशी की काळेपणाचा मागमूस नाही. गुलाबी जीभ, गोरी कातडी. सासूबाई म्हणाल्या, खुडूक कोंबडीचं स्वतःचं अंडं मिसळलं असेल. पण अंड्यांवर मी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. मला मात्र उलगडा झाला. आई अर्धी, बाप अर्धा. दोघांकडेही काळेपणाची एकच प्रत, दुसरी साधी. दोघांनीही साधी प्रत पुढे दिली की पिल्लू साधं. आई-बाप दोघे काळे आणि पोर गोरं, ह्यात चमत्कार काही नाही. आजी साधी होती, ती दोन्हीकडून फिरून परत आली.

पिसांच्या रंगावर जाऊ नका, हे इथेच सांगून टाकते. पिसांचा काळा रंग आणि कातडीचा काळा रंग ही दोन वेगळ्या जनुकांची कामं आहेत, वेगळ्या गुणसूत्रांवरची. पिसं काळी आणि कातडी गोरी असलेली कोंबडी असते. उलट कडकनाथमध्येच पिसांवर सोनेरी किंवा पांढरी झाक असलेले प्रकार आहेत आणि ते अस्सल असतात. अंडीही काळी नसतात, फिकट बदामी असतात. रक्त लालच असतं. काळी अंडी म्हणून कुणी विकत असेल तर तिथून चालू लागा.

मग शुद्ध माद्या ओळखायच्या कशा? डॉक्टर म्हणाले, आईची परीक्षा पिल्लांवरून घ्यायची. ज्याच्यात काळेपणाचं जनुक अजिबात नाही असा कोंबडा घ्या. त्याच्याबरोबर एकेक मादी वेगळी ठेवा. अस्सल मादीकडे काळेपणाच्या दोन्ही प्रती, म्हणून तिची सगळी पिल्लं काळी. अर्ध्या मादीकडे एकच प्रत, म्हणून तिची साधारण निम्मी पिल्लं साधी. कोंबडा निवडताना हिरवट-काळपट पायांचा गावरान घ्या म्हणाले, म्हणजे त्याच्याकडून रोखणारं जनुक येणार नाही आणि निकाल स्वच्छ दिसेल. असा कोंबडा आमच्याच आळीत मिळाला.

आमच्या गावरानांच्या पायांचा पिवळेपणा, त्याचीही एक गोष्ट डॉक्टरांनी सांगितली. पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबडीपासून आली, पण पिवळ्या कातडीचं जनुक तिच्याकडचं नाही. ते राखी रानकोंबडीकडून आलंय, असं २००८ साली संशोधनात दिसलं. राखी रानकोंबडा म्हणजे तोच, जो पहाटे आमच्या वरच्या रानातून ओरडतो. तेव्हापासून तो ओरडला की माझं लक्ष आपोआप खुराड्यातल्या पिवळ्या पायांकडे जातं.

परीक्षेत माझी पहिली चूक झाली ती सांगते, म्हणजे तुमची होणार नाही. मादी गावरान कोंबड्याबरोबर ठेवली आणि तिसऱ्या दिवसापासून अंडी जमवायला लागले. डॉक्टरांनी थांबवलं. कोंबडीच्या पोटात आधीच्या कोंबड्याचं बीज दोन-तीन आठवडे टिकून राहतं. त्या काळातल्या अंड्याचा बाप कोण हे खात्रीने सांगता येत नाही. ती सगळी अंडी आम्ही खाल्ली. तीन आठवडे मादी एकटी ठेवली, मग कोंबडा सोडला, मग अंडी धरली.

पाच माद्या निवडल्या, पायात रंगीत कड्या घातल्या. दिवसाआड एखादं अंडं मिळायचं, आणि जुनी अंडी नीट फुटत नाहीत म्हणून आठ-दहा दिवसांची अंडी झाली की एक खेप बसवायची, मग दुसरी. श्रावण संपला तेव्हा सुरुवात केली, दिवाळीला निकाल पूर्ण हातात आला. लाल कडीवालीची १० पिल्लं: ६ काळी, ४ साधी. पिवळ्या कडीवालीची ८: काळी ३, साधी ५. हिरव्या कडीवालीची ७: ४ आणि ३. निळ्या कडीवालीची ९, सगळीच्या सगळी काळी. पांढऱ्या कडीवालीची ८, तीही सगळी काळी.

मी लेकीला म्हटलं, निम्मी-निम्मी म्हणाली होतीस, इथे तर पाच-पाच कुठेच आली नाहीत. ती म्हणाली, दहा वेळा नाणं उडवलं तर दर वेळी पाच छापे पडतात का? आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलने एका प्रयोगात ७,३२४ वाटाणे मोजले, तेव्हा ५,४७४ गुळगुळीत आणि १,८५० सुरकुतलेले निघाले आणि प्रमाण तिथे अपेक्षित असलेल्या तिनास एकच्या जवळ गेलं. सात वाटाण्यांवर थांबला असता तर त्यालाही काही कळलं नसतं. पण एक साधं पिल्लू निघालं की आई अर्धी आहे हे तिथेच सिद्ध होतं, त्याला जास्त मोजणी लागत नाही. उलट निळीची नऊही काळी निघाली. ती अर्धी असून असं होण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. तेवढ्यावर मी विश्वास ठेवायला तयार आहे.

पाचात दोन अस्सल, तीन अर्ध्या. मुलग्यांवरून काढलेला हिशोब इथेही जुळला.

हे सगळे आकडे, फोटो, पिल्लांच्या जिभांसकट, केंद्राला पाठवले. आधी उत्तर आलं, "ताई, निसर्गात काळं-गोरं व्हायचंच." मी लिहिलं की काळं-गोरं होतं ते नियमाने होतं, आणि तो नियम तुमच्या माद्यांचे पाय कसे आहेत ते सांगतोय. मग त्यांनी २० पिल्लं फुकट देऊ केली. मी घेतली नाहीत. त्याच कोंबड्यांची वीस पिल्लं घेऊन मी काय करणार? मी एवढंच मागितलं की ज्यांची अंडी यंत्रात जातात त्या माद्यांचा व्हिडिओ दाखवा. तो आजतागायत आलेला नाही.

दुसरी खेप कार्तिकात घेतली, झाबुआ भागातल्या एका पाळणाऱ्याकडून. कडकनाथचं मूळ घर तेच, झाबुआ-धारचा भिल्लांचा मुलूख. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळालंय. ५० पिल्लं, ११० रुपये नग, भाडं धरून बरीच महाग पडली. पॅकिंग साधंच, लसीचा कागद नाही, प्रवासात सहा पिल्लं गेली. सेवा म्हणून पहिल्या केंद्रापुढे हे काहीच नाही. पण फोनवर न विचारता त्या माणसाने आधी माद्या दाखवल्या. एक मादी उचलून चोच उघडून जीभ दाखवली, मग दुसरी, मग तिसरी. आणि स्वतःहून म्हणाला, ह्या पिल्लांतले भाऊ-बहीण पुढे एकमेकांना लावू नका, दोन वर्षांनी कोंबडा बदला. सख्ख्या भाऊ-बहिणीची जोडी लावली की चार जनुकांत एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येऊन सारख्या होतात, आणि झाकून राहिलेले दोष वर येतात. अंड्यातच पिल्लू मरणं, कमी अंडी, कमकुवत पाय. गावात वर्षानुवर्षं एकच कोंबडा ठेवतात आणि मग म्हणतात, जात उतरली.

मागच्या आठवड्यात ती ४४ पिल्लं तीन महिन्यांची झाली. रात्री परत मोबाईल, परत फुंकर. २१ कोंबडे, २३ तलंगा. मी तलंगा तपासल्याच नाहीत, आधी कोंबडे घेतले, कारण आईची साक्ष मुलगेच देतात. एकविसावर एकवीस काळे.

तुम्ही कुठूनही पिल्लं घ्या, माद्यांचे पाय आणि जिभा बघितल्याशिवाय पैसे भरू नका. ते जमत नसेल तर आधीच्या गिऱ्हाईकाकडे जाऊन तीन महिन्यांचे कोंबडे बघा. तलंगा दाखवत असेल तर त्यावर समाधान मानू नका. पहिल्या केंद्राकडून अंड्यांसाठी, घरच्या खाण्यासाठी पिल्लं घ्यायला माझी हरकत नाही, अर्ध्या रक्ताच्या माद्या आमच्याकडे काटक निघाल्या आहेत आणि अंडीही बरी देतात. पण कडकनाथ म्हणून, कडकनाथच्या दराने, नको.

उरलेल्या ४४ माद्यांची परीक्षा घ्यायला वर्ष जाईल, तेवढी जागा माझ्याकडे नाही. त्या अंड्यांसाठी ठेवल्यात, पायात कड्या नाहीत. निळी आणि पांढरी मात्र वेगळ्या खुराड्यात आहेत, गेले तीन आठवडे एकट्याच. झाबुआच्या खेपेतला कोंबडा वयात यायला अजून वेळ आहे, म्हणून डॉक्टरांच्या ओळखीने एक मोठा कोंबडा मागून आणलाय, त्याची जीभ मी स्वतः बघितली आहे. सोमवारी त्याला आत सोडणार.